पाचच्या आत दाखला

कुमुदिनीताई जिवंत आहेत, असा दाखला पाचच्या आत गेला नाही तर पेन्शन बंद होणार होती. तो द्यायचा घरच्या ब्राउझरने, कारण माणसाला सगळ्यात जास्त तोच ओळखतो, असं सरकारने ठरवलं होतं. आणि हा सकाळपासून काहीही दाबलं तरी मिक्सरच्या जाहिराती उघडत होता.

"अगं, रिसेट मार की," त्यांचे यजमान अच्युतराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

थकून ताईंनी मारलं. जाहिराती गेल्या. पडद्यावर आलं, 'नमस्कार. कुमुदिनी नावाच्या हयात व्यक्तीची नोंद नाही. नव्याने ओळख पटायला अकरा वर्षं लागतील.'

ताईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"बरं," अच्युतराव म्हणाले. "चहा टाकतेस ना?"

ताई पलंगावर आडव्या झाल्या.

"हयात असेल त्याने टाकावा."