एका थेंबाची पैज

"आज यातला एकही रेझर फळीवर राहणार नाही," मुलाने सांगितलं आणि बुटांचं रिकामं खोकं बेसिनशेजारी ठेवलं.

वडिलांनी खोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खिडकीच्या फळीवर सात रेझर ओळीने मांडलेले होते, आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक. सगळेच्या सगळे मुलापेक्षा वयाने मोठे. जुन्या बाजारातून हुडकून आणलेले, घासूनपुसून, तेलपाणी करून पुन्हा कामाला लावलेले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा हा एवढाच काय तो षोक. ना विडी, ना तंबाखू, रोज सकाळचा दाढीचा अर्धा तास तेवढा.

पण गेल्या वर्षापासून हात थरथरायला लागले होते. आधी हनुवटीवर कापसाचे बोळे दिसू लागले, मग गालावर. काल तर कानाखाली असं काही कापलं की सुनेने रक्त पाहून किंकाळी फोडली. "तुम्ही बोलताय की मी बोलू?" तिने नवऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, मी बोलतो. आज सकाळच्या पाळीला जाताना खोकं तिनेच बाहेर काढून ठेवलं, आणि त्याच्या शेजारी विजेवर चालणारं नवंकोरं मशीन.

"पैज लाव," वडील म्हणाले.

"कसली?"

"तुझी दाढी मी करतो. याच हाताने. रक्ताचा एक थेंब जरी निघाला, तर सातही रेझर मी स्वतः खोक्यात भरून देतो. नाही निघाला, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. तू नाही आणि तुझ्या बायकोनेही नाही."

"बाबा, गळा माझा आहे!"

"माहीत आहे. त्याच गळ्यात नाणं अडकवून बसला होतास, तेव्हा तुला उलटा धरून ते कोणी काढलं?"

मुलाला हसू आलं. दहा वाजता त्याला हॉटेलच्या काउंटरवर हजर व्हायचं होतं. दोन दिवसांच्या सुट्टीत गालांचं पार खरखरीत पायपुसणं झालं होतं. नाही म्हणायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण बापाने आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आज मागितलं ते हे. तो स्टुलावर बसला.

वडील खुलले. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल त्यांनी त्याच्या तोंडावर दाबून धरला. मग साबणाची डबी उघडली. गावाबाहेर एक बाई घरच्या घरी साबण घोटायची, तिच्याकडून ते महिन्याला एक डबी आणत. लिंबाच्या सालीचा आणि कापराचा वास खोलीभर पसरला.

"दुकानातला फेस आणि हा फेस, काही तुलना आहे का? तो नुसता फुगतो. हा धरून राहतो." ब्रश वाटीत गरगर फिरत होता. "आणि हात हलतो त्याचा फायदा बघ. फेस आपोआप होतो!"

फेस खरोखरच सायीसारखा दाट झाला. तो गालावर चढला तेव्हा मुलाला नाही म्हटलं तरी बरं वाटलं.

मग वडिलांनी आजच्या वाराचा रेझर उचलला आणि खिडकीकडे तोंड केलं. खालची मूठ पिळली की वरची दोन झाकणं उघडायची आणि आतलं पातं सुटं व्हायचं, अशी त्याची करामत होती. ते बराच वेळ खुडबूड करत राहिले.

"पाठ का फिरवलीत?"

"उजेड तिकडे आहे. मान वर कर. आणि बोलू नकोस आता."

गार धातू कानाजवळ टेकला. मुलाने डोळे घट्ट मिटले, दोन्ही मुठी आवळल्या. रेझर गालावरून खाली आला, थरथरत, पण न अडखळता. मुलाने एकदा डोळे उघडून वडिलांकडे पाहिलं. ते घामाघूम झाले होते. त्याने डोळे पुन्हा मिटले आणि मुठी सोडल्या.

वडिलांची मात्र टकळी सुरू झाली. "जोर द्यायचा नाही. रेझरचं वजनच काम करतं. केसांच्या दिशेने जायचं, उलटं नाही. घड्याळाचं आणि याचं एकच, घाई केलीस की संपलं."

गाल झाले, ओठावरची जागा झाली, शेवटी गळा. टॉवेलने तोंड पुसून त्यांनी तुरटीचा खडा सगळीकडे फिरवला. कुठेच झोंबलं नाही.

"टॉवेल बघ," वडील म्हणाले.

टॉवेल पांढराशुभ्र होता. त्यांनी आरसा पुढे धरला. मुलाने त्यात बराच वेळ पाहिलं, गालावरून सावकाश तळवा फिरवला.

"काय म्हणणं आहे?"

"हरलो, बाबा."

वडिलांनी एकदम तोंड फिरवलं आणि नळ सोडून रेझर धुवायला घेतला. पाणी वाहत राहिलं. मग पाठमोरेच म्हणाले, "ते मशीन आणलंयस तर असू दे. घाईच्या दिवशी वापरीन मी."

"रिटायर माणसाला कसली आलीय घाई?"

"असते कधीकधी. आता रोजच असणार असं वाटतंय."

मुलाने सातही रेझर पुसून पुन्हा फळीवर मांडले आणि खोकं पायाने दाबून चपटं केलं. बसमध्ये बसल्यावर बायकोला निरोप पाठवला : एक थेंबही नाही. रेझर घरातच राहणार.

काउंटरवर मॅनेजर हजेरी घेत होते. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय, दोन दिवसांची दाढी घेऊन पाहुण्यांसमोर उभे राहणार आहात?"