हार्ड एट
“नवऱ्याची शनिवारची मीटिंग एकदा बघून ये गं,” शेजारच्या कांचनकाकू म्हणाल्या, तेव्हा मी उडवून लावलं होतं. आज नोव्हायच्या घरून त्याच्या मागोमाग डेट्रॉइटच्या कॅसिनोत आले. मुलांना टेबलांपाशी मनाई, म्हणून स्ट्रोलर धरून गालिच्याच्या कडेला थांबले. समोर क्रॅप्सच्या, फाशांच्या जुगाराच्या टेबलाशी ऑफिसातली उर्वी त्याची बाही ओढत होती. माझा जळफळाट झाला. “थांब यार, हार्ड एट लावलाय. चार-चारच हवेत, पाच-तीनचे आठ आले तर साइड बेट गेली,” तो हसला. फासे पडले: पाच-तीन. त्याने पुन्हा चिप्स सरकवल्या. मला पाहून उर्वी धावत आली. “वहिनी, मी थांबवून दमले. तुम्हीच हाक मारा.” मी मारली. त्याने मान वळवली नाही. त्या लाल फाशांकडे बघतो तसं त्याने माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. तुमचं माणूस आत्ता कुठंय? फोन करून बघा.