कानाची पाळी

अंकलीचा पूल ओलांडताना हेमांगीला चाल सुचली आणि ओठांवर यायच्या आधीच तिच्या कानामागे चिकटवलेल्या इवल्याशा यंत्राने, टिपक्याने, ती टिपून घेतली. संध्याकाळी नाटकाची तालीम होती आणि नांदीला अजून चालच नव्हती.

"सुचली!" स्कूटर चालवणाऱ्या नवऱ्याच्या पाठीवर थापा मारत ती ओरडली. "ऐक." तिने एकदाच गुणगुणून दाखवली.

"वा! शेवटची ती जागा कुठून आणलीस गं?" विश्रामने विचारलं.

"ती आमच्या कमलाक्षीबाईंची," ती म्हणाली, आणि गुरूचं नाव घेताना लहानपणापासून जायचा तसा तिचा हात कानाच्या पाळीला गेला.

टिपका बारीकसा वाजला. पाळी चिमटीत धरली की टिपलेली चाल पुसायची, असं तो बनवणाऱ्याने ठरवलं होतं. त्या शहाण्याला कुणी गाणं शिकवलं नसावं.

"थांब, थांब! गेली! तू म्हण ना, आत्ताच तर ऐकलीस!"

विश्रामने गाडी कडेला घेतली. "मला वाटलं, तुझ्या टिपक्यात आहेच."

तिलाही तसंच वाटलं होतं.

टिपका उपटून तिने पर्समध्ये कोंबला आणि डोळे गच्च मिटले. पहिला सूरसुद्धा हाताला लागेना. नवीन चीज दिली की ती गळ्यात बसेपर्यंत बाई कुणाला उठू देत नसत. आता डोक्यात फक्त त्यांचा आवाज उरला होता, "हं, पुन्हा म्हण."