तहकूब सभा

दादासाहेब सरपंचांची रीत गावाला पाठ होती. अर्धं गाव पहिल्या शिफ्टला गेलं की ग्रामसभा लावायची. माणसं भरली नाहीत की सभा तहकूब करायची. आठवड्यानं तीच सभा पुन्हा घ्यायची, कारण तहकूब सभेला कोरम लागतच नाही. मग त्यांची सात माणसं हात वर करायची आणि ठराव पास! सगळं कायद्याला धरून, बरं का. या खेपेला कंपनीचे ट्रेलर लावायला गावचं गायरान द्यायचं घाटत होतं.

तहकूब सभेच्या दिवशी ठरल्या वेळी, दहाच्या ठोक्याला उपसरपंच अनिता बारा बायका घेऊन आली आणि थेट अध्यक्षाच्या खुर्चीत बसली.

ग्रामसेवक चुळबुळला. "ताई, सरपंचांना येऊ द्या की. कंपनीत बोलणी करून माणसं घेऊन भोसरीवरनं निघालेत, पण फाट्यावर एक ट्रेलर आडवा बंद पडलाय."

"भाऊसाहेब, तहकूब सभेला कोरम लागतो का?"

"नाही."

"मग लिहा. गायरान कुणालाबी द्यायचं न्हाई."

तेरा हात वर गेले. ग्रामसेवकानं ठराव लिहिला, वाचून दाखवला. अनितानं ठसठशीत सही ठोकली, पानाचा फोटो काढला आणि नवऱ्याला फोन लावला. पलीकडं हॉर्नचा नुसता कालवा चालला होता.

"अवो, झाला ठराव. आता करा तुमचा ट्रेलर चालू, आन् येऊ द्या सरपंचास्नी."