हेल्मेटवरचं नाव

लढाऊ विमानं उडवणाऱ्या आमच्या तुकडीत टोपणनाव पराक्रमावरून मिळत नाही, घोटाळ्यावरून मिळतं. सरावाचा बॉम्ब मी एकदा भलत्याच पत्त्यावर टाकला होता. आज तुकडीप्रमुख झालो, तरी सगळ्यांसाठी मी 'पोस्टमन'च आहे.

पालकभेटीच्या दिवशी एका नव्या वैमानिकाच्या आईने त्याचं हेल्मेट हातात घेतलं आणि त्यावरचं नाव बोट फिरवत वाचलं, "कुलदीपक!"

तिच्यामागे उभं राहून चिरंजीव मला डोळ्यांनीच हात जोडत होते. गेल्याच महिन्यात पठ्ठ्याने चाकं बाहेर न काढताच विमान उतरवलं होतं आणि पोटावर घसरत धावपट्टीभर ठिणग्या उडवल्या होत्या. बारसं त्याच संध्याकाळी झालं.

मी घसा खाकरला. "फार गुणी मुलगा आहे हो, काकू. अख्ख्या तुकडीचा लाडका. म्हणून कौतुकाने ठेवलंय नाव."

काकूंनी हेल्मेट टेबलावर ठेवलं.

"थापा नका मारू, साहेब. घरीसुद्धा आम्ही त्याला हेच म्हणतो. इथे काय दिवे लावले, तेवढं सांगा."