शिळी हवा

बायको शेवंताबाई वारल्यापासून आकाराम घराबाहेर पडत नव्हते, म्हणून क्रांतीनं बापाला जवळजवळ ओढतच शाहूपुरीतल्या सभागृहात आणलं. अंटार्क्टिकावरची व्याख्यानं होती. पडद्यावर नुसता बर्फ, आणि पुढं पुण्याहून आलेला शास्त्रज्ञ सांगत होता, "या बर्फात हजारो वर्षांपूर्वीच्या हवेचे बुडबुडे अडकलेत. आम्ही तो बर्फ जिवापाड जपतो."

आकाराम उठून उभे राहिले. "पावणं, एवढ्या लांब जाऊन शिळी हवाच आणली व्हय? आमच्या पन्हाळ्यावर या की. ताजी फुकट मिळती."

सभागृह हसलं. "आप्पा, बसा की खाली," क्रांती कुजबुजली.

"काका, ती हवा एकदा सुटली की परत मिळत नाही," शास्त्रज्ञ शांतपणे म्हणाला.

"हवा ती हवा. शिकलेल्या माणसांचे रिकामे उद्योग हाईत सगळे," आकाराम घर येईपर्यंत हेच बोलत राहिले.



घरी आल्यावर त्यांनी रोजच्यासारखं कपाट उघडलं, आणि शेवंताबाईनं शेवटच्या एसटी प्रवासात तोंडानं फुगवलेल्या हवेच्या उशीचं बूच घट्ट आहे ना, ते अंगठ्यानं दाबून पाहिलं.