आणखी एक टोपण

बाबांनी टोपणभर साबण मशीनमध्ये ओतला, दाराकडे एक नजर टाकली आणि आणखी एक टोपण ओतलं. मुलगा आणि सून दोघंही कामावर गेलेले, घरात चिटपाखरू नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. मशीन सुरू करून ते समोर स्टुलावर बसले. काचेपलीकडे त्यांचा शर्ट ओंजळभर पाण्यात लोळत होता. जुन्या मशीनमध्ये कसा भरपूर फेस व्हायचा, धुतल्यासारखं वाटायचं. हे नवं, पुढून उघडणारं मशीन पाण्याच्या बाबतीत एक नंबरचं चिक्कू होतं. फेसही मोजून मापून.

बाबांना वास येत होता. म्हणजे आपल्या अंगालाच वास येतो, असं बाबांचं ठाम मत झालं होतं. कुबट, ओलसर, कपाटात विसरलेल्या छत्रीसारखा. धुतलेला शर्ट घातला तरी दुपारपर्यंत वास हजर. त्यांनी अंगाचा साबण बदलला, पावडर थापली, वास ढिम्म हलला नाही. टॉवेलला यायला लागला तेव्हा तोही त्यांनी स्वतःच्याच खात्यावर मांडला. शेवटी मनाशी कबूल केलं, की यालाच म्हातारपण म्हणत असणार.

घरच्यांना कळलं नसेल म्हणावं, तर तेही नाही. पूर्वी सून संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून टीव्ही बघायची. हल्ली ती सोफ्याच्या पार दुसऱ्या टोकाला बसायची, तेही खिडकी उघडून. मुलगा घरी आला की त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा. हल्ली लांबूनच हात हलवून थेट बाथरूम गाठायचा. कुणी तोंडातून अवाक्षर काढत नव्हतं, आणि या चांगुलपणाचंच बाबांना जास्त वाईट वाटायचं. या घरात आपण नकोसे होण्याआधी इथून निघावं, असं त्यांच्या मनाने घेतलं.

तोवर टोपणं चालू होती. गंमत म्हणजे साबणाची बाटली कधी संपायचीच नाही. आज तळाला गेलेली बाटली उद्या बघावी तर अर्धी भरलेली. हल्लीच्या कंपन्या मापाला प्रामाणिक झाल्या, असं म्हणून बाबांनी तो विषय सोडून दिला. कपडे काढून झाले की ते मशीनचं दार दाबून बंद करायचे. सून बऱ्याचदा ते उघडंच टाकून जायची. ज्याचं आयुष्य गोदाम सांभाळण्यात गेलं त्या माणसाला उघडं दार बघवत नाही.

शेवटी त्यांनी ताईला फोन केला. थोरली बहीण, तिच्या मुलाकडे राहायची. तुझ्याकडे राहायला येऊ का, असं त्यांनी विचारलं. एरवी ताई 'विचारतोस काय, ये' म्हणाली असती. या वेळी ती जरा अडखळली आणि रविवारी सांगते म्हणाली. तिच्यापर्यंतही वास पोचला की काय, या विचाराने बाबा आणखी खचले.

रविवारी सकाळी ताईच्या उत्तराची वाट न बघताच त्यांनी बॅग भरली, बाहेरच्या खोलीत आणून ठेवली आणि खाकरून सुरुवात केली, "मला जरा बोलायचंय." तेवढ्यात आतून सुनेची हाक आली. मशीनमधून फेस उतू चालला होता. साबणाच्या खणातून वर, दारावरून खाली, फरशीवरून सरळ बाहेर, आणि बाबांच्या बॅगेपाशी येऊन थांबला.

तिघंही पायपुसणी, टॉवेल, मिळेल ते घेऊन गुडघ्यांवर बसले. फेस पुसता पुसता बाबांना राहवलं नाही.

"मीच ओततो जास्तीचा साबण," ते खाली मान घालून म्हणाले. "माझ्या अंगाला वास येतो ना, तो जावा म्हणून."

सुनेचा हात थांबला. "तुमच्या? बाबा, मला वाटलं माझ्याच अंगाला येतो. म्हणून लांब बसत होते. मीही ओतते रोज टोपणभर."

दोघांनी मुलाकडे पाहिलं. तो अतिशय मन लावून एकच फरशी पुसत होता. मग हळूच म्हणाला, की तोही ओतत होता, आणि ते कुणाला कळू नये म्हणून बाटलीही तोच आणून भरत होता.

त्याने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो आधी पोटभर हसला. एवढ्या पाण्याला दोन चमचे साबण पुष्कळ होतो, उरलेला आत थरावर थर साचतो, आणि दार बंद ठेवलं की ओल आत कोंडून बुरशी धरते, असं त्याने सांगितलं. सुनेने दाराचं रबर उलटून पाहिलं. आत काळा, बुळबुळीत चिखल होता आणि मुलाचा केव्हाचा हरवलेला मोजा. वासाचा धनी सापडला होता. तिघांनी मिळून रबर घासलं, कोरडं केलं, रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवलं. दार उघडं ठेवण्याचं काम बाबांकडे आलं. मग सून येऊन त्यांना अगदी चिकटून बसली.

बॅग आत ठेवून त्यांनी ताईला फोन केला आणि येत नाही म्हणून सांगितलं.

"बरं झालं बाई," ताई सुस्कारा टाकून म्हणाली. "तुला नाही कसं म्हणू, याच काळजीत होते मी. इथे माझीच पंचाईत झालीय रे. हल्ली माझ्याजवळ कुणी बसत नाही. वय झालं, दुसरं काय."

बाबा स्टुलावर नीट सरसावून बसले.

"ताई, काळजी करू नकोस. आधी उठ, आणि तुमच्या मशीनचं दार उघड."